बोटीच्या बैठकीची गादी : पक्की कशी बांधावी?

गादी आणि सीट कव्हरच्या धंद्यात आपल्या समाजाचा हात जुना आहे. पिंजारी बांधव पिढ्यानपिढ्या कापूस पिंजत आले. पुढे फोम आणि रेक्झिन आल्यावर अनेकांनी रिक्षा, जीप, ट्रॅक्टरच्या सीटी शिवावयास घेतल्या. बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगाव धरण आहे, केज तालुक्यात धनेगाव येथे मांजरा धरण आहे. अशा मोठ्या पाण्यावर चालणाऱ्या लहान उघड्या यंत्रबोटीच्या गाद्यांचे काम आपल्याकडे आले, तर ते रिक्षाच्या सीटसारखे समजू नये. कसे करावे, ते आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

रिक्षाची सीट चौकटीत अडकलेली असते आणि वर टप असतो. उघड्या बोटीत वरून पाऊस, बाजूने तुषार आणि समोरून वारा असतो. गादी सैल असली तर बसलेला माणूस तिच्यासह घसरतो. ती उडाली तर कोणीतरी पकडावयास धावतो, आणि लहान बोटीत एक माणूस एकाएकी कडेला झुकला तरी बोट कलते. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. तेथे कारण वारा होता, गादी नव्हे. परंतु वाऱ्यात लहान बोटीचा तोल किती नाजूक असतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

फोम : साधा फोम पाणी पितो, जड होतो आणि कुजतो. बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम घ्यावा. गादी दोन इंचांपेक्षा जाड करू नये. माणूस जितका उंच बसेल तितकी बोट अधिक डोलते.

शिलाई : सुती दोरा ओलाव्याने कुजतो, म्हणून पॉलिस्टरचा दोरा वापरावा. चेन प्लास्टिकची असावी, लोखंडी गंजते. सुईच्या भोकांतून पाणी आत जाणारच, म्हणून खालच्या बाजूस जाळीचे कापड लावावे, म्हणजे ते निथळून जाईल.

पट्टा : बैठक मोकळ्या फळीची असेल तर फळीखालून फिरणारा पट्टा सर्वांत उत्तम. एक इंच रुंदीचा पॉलिस्टर पट्टा घ्यावा. नायलॉन भिजल्यावर ताणला जातो. चार फुटांच्या गादीला तीन ठिकाणी पट्टे द्यावेत. पट्टा केवळ कडेच्या शिवणीत अडकवला तर ती शिवण उसवते. तो गादीच्या तळाला आडवा नेऊन चौकोन व आत फुली अशी शिलाई मारावी. टोक मेणबत्तीवर भाजून बंद करावे. बक्कल प्लास्टिकचे आणि एका हाताने सुटणारे असावे. उरलेले टोक लोंबत ठेवू नये, त्यात पाय अडकतो.

टिचबटण आणि व्हेल्क्रो : ही दोन्ही मदतीला ठीक, एकट्याने पुरेशी नाहीत. व्हेल्क्रोत माती व शेवाळ भरले की पकड जाते. टिचबटण लावावयाचे तर स्टेनलेस स्टीलचे लावावे.

भोक पाडण्यापूर्वी : फायबरच्या अनेक बोटींत बैठकीखाली चहूबाजूंनी बंद पेटी असते. ती वाया गेलेली जागा नव्हे. बोटीत पाणी भरले तरी त्या पेटीतील हवा किंवा फोम तिला तरंगत ठेवतो. अशा पेटीला किंवा बोटीच्या तळाला ड्रिल लावू नये. तेथे पट्ट्याच्या कड्या फायबरच्या लेपाने चिकटवाव्यात, आणि ते काम फायबरवाल्या कारागिराकडूनच करवून घ्यावे. लाकडी फळीला स्क्रू मारावयाचा तर तो स्टेनलेसचा, वॉशरसह मारावा आणि भोक सिलिकॉनने भरावे.

लाइफ जॅकेट : बैठकीखाली लाइफ जॅकेट ठेवत असतील तर पट्टा त्यांच्या आड येऊ देऊ नये. गादी तरंगते म्हणून ती जीव वाचवील, असे गिऱ्हाइकाला कधीही सांगू नये. अमेरिकेत बुडणाऱ्याकडे फेकण्याच्या तरंगत्या गाद्या असतात. परंतु त्या सरकारी मान्यतेच्या असतात, त्यांना धरावयास पट्टे असतात आणि त्या फळीला बांधत नाहीत. आपली गादी केवळ बसण्यासाठी आहे.

माल देण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. एक कोपरा धरून पूर्ण जोराने ओढावा. बादलीभर पाणी ओतून निथळते का पाहावे. मग गादीवर बसून पुढे-मागे सरकून पाहावे. बोटीच्या मालकास पंधरा दिवसांनी पट्टे पुन्हा आवळून घेण्यास सांगावे.

बिलावर कोणता फोम, कोणता पट्टा वापरला ते लिहावे आणि मजुरी वेगळी दाखवावी. कव्हर शिवून झाले की आतला फोम गिऱ्हाइकाला दिसत नाही; तेथे कारागिराचे इमानच साक्षीदार असते. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांना दिलेला इशारा तराजूवाल्यांपुरता नाही. चांगल्या फोमचे पैसे घेऊन साधा फोम भरणे, हेही मापात मारणेच आहे. चोख माल द्यावा, रास्त दाम घ्यावे. बरकत त्यातच आहे.