रेणूंचा मुकुट

चार्ल्स पेडरसन हे अमेरिकेतील ड्यू पाँट या कंपनीत संशोधक होते. १९६१ साली, व्हॅनेडियम या धातूला धरून ठेवील असे एक संयुग ते तयार करीत होते. प्रयोगाअंती जो चिकट पदार्थ हाती आला, त्यात रेशमासारखे शुभ्र, तंतुमय स्फटिक आढळले. तेही अवघे ०.४ टक्के! दुसऱ्या एखाद्याने ते मळ म्हणून फेकून दिले असते. पेडरसन यांनी ते जपून ठेवले.

हे स्फटिक मिथेनॉलमध्ये फारसे विरघळत नसत. परंतु त्यात सोडियमचा क्षार टाकताच ते विरघळू लागत. असे का व्हावे? विचाराअंती उलगडा झाला. या पदार्थाचा रेणू कड्यासारखा असून सोडियमचा विद्युतभारित अणू त्याच्या पोकळीत जाऊन बसत होता. मस्तकावर मुकुट चढवावा, तसाच हा प्रकार! म्हणून पेडरसन यांनी या संयुगांना ‘क्राउन’, म्हणजे मुकुट, हे नाव दिले.

हा शोध १९६७ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. डॉक्टरेट त्यांनी कधीच घेतली नव्हती. १९८७ साली मात्र क्रॅम व लेन यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे रसायनशास्त्रज्ञांनी अशा कड्यांना प्रकाश देणारे रेणू जोडले. कड्यात सोडियम शिरला, की प्रकाश उजळतो. त्यावरून रुग्णाच्या रक्तातील सोडियमचे प्रमाण कळते.