औषध टाकलं, तरी माशांवर उवा परत का येतात?



शेततळ्यातले रोहू, कटला अंग घासतायत, उगाच उड्या मारतायत, खाद्य कमी खातायत? मग दहा-बारा मासे जाळ्यात धरून नीट बघा. अंगावर किंवा पंखांच्या बुडाशी चपटा, गोलसर, आरपार दिसणारा, दोन काळ्या डोळ्यांचा किडा चिकटलेला असेल, तर ती माशांची ऊ, म्हणजे आर्ग्युलस. ती रक्त पिते. तिने केलेल्या जखमेतून दुसरे रोगही शिरतात.

*अंडी माशावर नसतात*
नॉर्वेत समुद्रातल्या पिंजऱ्यांत सॅल्मन मासे पाळतात. तिथली ऊ अंड्यांच्या दोन माळा स्वतःच्या अंगालाच घेऊन फिरते. आपल्याकडची मादी मात्र मासा सोडून पोहत जाते आणि दगड, बांबू, पाइप, तळ्याचा प्लास्टिक कागद, जे टणक सापडेल त्यावर ओळीने अंडी चिकटवते. एक मादी शेकडो अंडी घालते.

आपल्या कोमट पाण्यात साधारण 2 ते 3 आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात. त्यांना 2-3 दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. मिळाला, तर महिना-दीड महिन्यात तीही अंडी घालायला तयार!

औषधाने अंगावरच्या उवा मरतात, अंडी बहुतेक वाचतात. म्हणून पैसे जातात आणि उवा परत दिसतात.

*काय करायचं?*
1️⃣ तळ्यात कडेकडेने बांबू किंवा फळ्या उभ्या करा. मादी त्यांवर अंडी घालेल.
2️⃣ दर 7-8 दिवसांनी त्या बाहेर काढून कडक उन्हात 2-3 दिवस वाळवा. तोवर दुसरा संच पाण्यात ठेवा. एकही आठवडा चुकवू नका.
3️⃣ एकाचं जाळं दुसऱ्याच्या तळ्यात न्यायचं असेल, तर आधी पूर्ण वाळवा.
4️⃣ नवीन बोटुकली सोडण्याआधी तपासून घ्या.
5️⃣ मासे काढून झाल्यावर तळं रिकामं करा, कागद घासा, उन्हात तापू द्या.

⚠️ शेतातलं कीटकनाशक अंदाजाने तळ्यात ओतू नका. मासे मरतील, आणि तेच मासे उद्या कुणाच्या तरी ताटात जाणार आहेत. औषध व मात्रा मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारूनच.

ऊ दिसली तर जवळून फोटो काढून याच क्रमांकावर पाठवा.

— मत्स्य सल्ला, पावणे कार्यालय