पैसे एकाचे, ठेका दुसऱ्याच्या हाती : अमेरिकेतील तुरुंगांतल्या फोनचा हिशेब

एस.टी. स्टँडवरील उपाहारगृहाचा ठेका कसा दिला जातो, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक आहे. जो जास्त भाडे देईल, त्याच्या नावावर ठेका. चहा कसा आहे आणि कितीला आहे, हा प्रश्न निविदा उघडताना फारसा विचारला जात नाही. ते भाडे ठेकेदार खिशातून भरत नाही. ते चहाच्या कपातूनच वसूल होते. तरी प्रवाशाला एक सोय असते. स्टँडच्या फाटकाबाहेर टपरी असते, आणि चार पावले चालून गेले की तोच चहा स्वस्तात मिळतो.

आता असे स्टँड डोळ्यांसमोर आणा की ज्याचे फाटक बाहेरून बंद आहे. अमेरिकेतील तुरुंगांत फोनचा धंदा नेमका असाच उभा राहिला. आजचा धडा आम्ही मुद्दाम या धंद्यावर घेतला आहे. ठेका, कमिशन आणि सरकारी दरबंदी या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध असतो, ते इतके उघड दुसरीकडे क्वचितच दिसते.

धंदा कसा जमला

१९८४ पूर्वी अमेरिकेत फोन म्हणजे मुख्यत्वे एकच कंपनी, ए.टी. अँड टी. त्या वर्षी तिचे विभाजन झाले आणि लांब पल्ल्याच्या फोनमध्ये स्पर्धा आली. बाहेरच्या ग्राहकाला त्याचा फायदा मिळाला, दर घसरले. तुरुंगात उलटे घडले. तेथे स्पर्धा झाली ती कैद्याला स्वस्त फोन देण्यासाठी नव्हे, तर तुरुंग चालविणाऱ्या अधिकाऱ्याला जास्त कमिशन देण्यासाठी. ज्या कंपनीचे कमिशन मोठे, तिला त्या तुरुंगाचा एकट्याचा ठेका. काही करारांत तर कैद्यांच्या कुटुंबांनी भरलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम तुरुंग चालविणाऱ्या सरकारच्या तिजोरीत जात असे. न्यूयॉर्क राज्याचा वाटा ५७.५ टक्के होता. २००७ मध्ये त्या राज्याने आपले कमिशन सोडले आणि दर त्या प्रमाणात खाली आले. कमिशन कोणाच्या खिशातून जात होते, हे त्यावरून सिद्ध झाले.

येथे एक भेद समजून घेतला पाहिजे, नाहीतर पुढचे आकडे कळणार नाहीत. अमेरिकेत ‘प्रिझन’ म्हणजे राज्याचा किंवा केंद्राचा मोठा तुरुंग, लांब शिक्षा झालेल्यांचा. ‘जेल’ म्हणजे जिल्ह्यासारख्या ‘काउंटी’चा तुरुंग, बहुधा शेरीफच्या ताब्यातला. जेलमध्ये खटला चालू असलेले, जामिनाचे पैसे न भरता आलेले लोक मोठ्या संख्येने असतात. कायद्याच्या नजरेत ते अजून गुन्हेगार नाहीत. वकिलाशी बोलणे, जामीनदार शोधणे, नोकरीच्या मालकाला निरोप देणे, या सर्वांसाठी फोनची खरी निकड त्यांनाच असते, आणि दर जास्त असत ते जेलमध्येच.

दराशिवाय वरचे आकार वेगळे. खात्यात पैसे भरायचे तर शुल्क, माणसाशी बोलून भरायचे तर अधिक शुल्क, कागदी बिल हवे तर त्याचे निराळे. २०१५ मध्ये केंद्रीय आयोगाने या आकारांना मर्यादा घातली, ती अशी : यंत्रावरून पैसे भरण्यास ३ डॉलर, कर्मचाऱ्यामार्फत भरण्यास ५ डॉलर ९५ सेंट, कागदी बिलास २ डॉलर. ही मर्यादा आहे बरे, सूट नव्हे. दहा डॉलर भरणाऱ्या गरीब आईचे तीन डॉलर फोन लागण्याआधीच जात. लहान रकमेने वारंवार पैसे भरणारा ग्राहक नेहमीच जास्त देतो. उधारीवर किरकोळ माल नेणारे कारागीर हे जाणतात.

आजीबाईंचा अर्ज

मार्था राइट-रीड या वॉशिंग्टन शहरातील निवृत्त परिचारिका. त्यांचा नातू तुरुंगात होता आणि त्याला दूरदूरच्या राज्यांत हलविले जाई. भेटीला जाणे परवडेना, म्हणून फोन, आणि फोनचे बिल पेलवेना. सन २००० मध्ये त्यांनी इतर कुटुंबांसह खाजगी तुरुंग चालविणाऱ्या कंपनीविरुद्ध न्यायालयात दावा लावला. न्यायाधीशांनी सांगितले की दर ठरविणे हे केंद्रीय दळणवळण आयोगाचे काम, तिकडे जा. २००३ मध्ये आयोगाकडे अर्ज गेला. निर्णय आला २०१३ च्या ऑगस्टमध्ये, मिग्नन क्लायबर्न या प्रभारी अध्यक्षा असताना. दहा वर्षे! तोपर्यंत काही ठिकाणी पंधरा मिनिटांच्या एका लांबच्या फोनला १७ डॉलरपर्यंत मोजावे लागत होते.

२०१३ च्या आदेशाने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणाऱ्या फोनवर कमाल दर आला : आधी पैसे भरलेल्या फोनला मिनिटाला २१ सेंट, घेणाऱ्याने पैसे द्यायच्या फोनला २५ सेंट. राज्याच्या आतील फोन मात्र मोकळेच राहिले, आणि बहुतेक फोन तर राज्याच्या आतलेच असतात. २०१५ मध्ये आयोगाने त्यांच्यावरही मर्यादा घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. २०१७ च्या सुरुवातीस आयोगाचे अध्यक्षपद अजित पै यांच्याकडे आले, भारतीय आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले गृहस्थ, आणि राज्याच्या आतील दरमर्यादेची बाजू आयोगाने न्यायालयात लढविणेच सोडून दिले. त्या वर्षी जून महिन्यात न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. कारणे दोन मुख्य : राज्याच्या आतील दर ठरविण्याचा अधिकार आयोगाला कायद्याने दिलेला नाही, आणि सर्व कंपन्यांचा सरासरी खर्च धरून दर काढण्याची रीत कायद्यात बसत नाही.

निकाल विरुद्ध गेला, पण कायद्यात नेमके काय कमी आहे ते त्याने दाखवून दिले. पुढे अमेरिकन संसदेने तेवढेच दुरुस्त केले. राज्याच्या आतील फोन, व्हिडिओ कॉल आणि सरासरी खर्चाची रीत, या तिन्हींचा अधिकार आयोगाला देणारा कायदा २०२२ च्या अखेरीस संमत झाला आणि ५ जानेवारी २०२३ रोजी अध्यक्ष बायडन यांची सही झाली. कायद्याला मार्था राइट-रीड यांचे नाव आहे. त्या स्वतः २०१५ मध्येच वारल्या होत्या.

मिनिटाचा खर्च काढायचा कसा

आता धड्याचा खरा भाग. सरकारने कमाल दर ठरवायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो, खर्च म्हणजे काय?

तारा, यंत्रे, नोकरमाणसे हे उघड खर्च आहेत. पण कंपनीने तुरुंगाला दिलेले कमिशन हा खर्च की नफ्यातील वाटणी? कंपनी म्हणते, ते दिल्याशिवाय ठेका मिळत नाही, म्हणून खर्च. कुटुंबे म्हणतात, त्याने फोन चालत नाही, म्हणून खर्च नव्हे. आमच्या मते कुटुंबांचे म्हणणे हिशेबाला धरून आहे. मात्र तुरुंगाचेही थोडे खरे आहे : कैद्याला फोनपर्यंत नेणे, लक्ष ठेवणे, यासाठी शिपाई लागतोच. त्याचा पगार करदात्याने द्यायचा की आईने? आपल्याकडे बाजार समितीत आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले तेव्हा व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले होते, हे पुष्कळांना आठवत असेल. दलाली कोणाच्या अंगावर टाकायची, यावरून सगळीकडे असेच भांडण होते.

दुसरा प्रश्न देखरेखीचा. फोन ध्वनिमुद्रित करणे, आवाज ओळखणारी यंत्रे बसविणे, संशयित बोलणे शोधणे. हे काम पोलिसांच्या उपयोगाचे. त्याचे पैसे बोलणाऱ्याने का भरावेत? २०२४ च्या निर्णयात आयोगाने यातला मोठा भाग दरातून वगळला. २०२५ मध्ये तोच खर्च पुन्हा दरात धरू दिला.

तिसरा प्रश्न आकाराचा. वाचकांनी एक हिशेब कागदावर करून पाहावा. एका जेलमध्ये ३० माणसे, दुसऱ्यात ३००. दोन्हीकडे यंत्रणा बसवायला आणि सांभाळायला महिन्याला समजा ६०० डॉलर. प्रत्येक माणूस महिन्याला २०० मिनिटे बोलला, तर लहान जेलमध्ये ६,००० मिनिटे, म्हणजे मिनिटाला १० सेंट. मोठ्यात ६०,००० मिनिटे, म्हणजे १ सेंट. काम एकच, खर्च दहापट. आयोगाने वेगवेगळ्या आकाराच्या जेलना वेगळे दर दिले ते याच कारणाने, आणि ते योग्य होते असे आम्हाला वाटते. मागावर चार साड्यांसाठी आणि चारशे साड्यांसाठी ताणा लावण्याची मेहनत सारखीच, हे विणकराला सांगायला नको.

१८ जुलै २०२४ रोजी आयोगाने ठरविलेले फोनचे कमाल दर असे होते : प्रिझन आणि हजार किंवा अधिक माणसांचे जेल, मिनिटाला ६ सेंट, ३५० ते ९९९ माणसांचे, ७ सेंट, १०० ते ३४९ चे, ९ सेंट, शंभराहून कमी, १२ सेंट. तुरुंगाला द्यायच्या कमिशनवर आणि वरच्या आकारांवर बंदी. मोठ्या जेलमध्ये ज्या पंधरा मिनिटांना ११ डॉलर ३५ सेंटपर्यंत पडत, ती ९० सेंटवर येणार होती.

कंपन्या म्हणाल्या, धंदा बुडेल. पण कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांत २०२१ च्या करारानेच दर मिनिटाला अडीच सेंट झाला होता, आणि तेथे सेवा देणारी कंपनी या धंद्यातील दोन सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकीच एक. दर करार करणाऱ्याच्या मागणीप्रमाणे ठरतो. त्याने कमिशन मागितले तर कमिशन मिळते, स्वस्त मिनिट मागितले तर स्वस्त मिनिट.

पडद्यावरची भेट

व्हिडिओ कॉलचा किस्सा अधिक वाईट आहे. सोय म्हणून ती चांगलीच. शेकडो मैल दूर असलेल्या मुलाला बापाचा चेहरा दिसतो. पण अनेक काउंटी जेलनी व्हिडिओचा ठेका देताच समोरासमोरची भेट बंद केली. एका मोठ्या कंपनीच्या करारात तर तशी अटच असे. टीका झाल्यावर २०१५ मध्ये तिने ती अट सोडत असल्याचे जाहीर केले. फुकट मिळणारी वस्तू बंद करून विकतची पुढे ठेवणे, ही जुनीच युक्ती. २०२४ मध्ये व्हिडिओवरही प्रथमच केंद्रीय मर्यादा आली : प्रिझनमध्ये मिनिटाला १६ सेंट, मोठ्या जेलमध्ये ११, आणि सर्वांत लहान जेलमध्ये २५ सेंट.

पुढे काय झाले

हे दर पूर्ण लागू होण्याआधीच आयोग बदलला. ३० जून २०२५ रोजी मुदत १ एप्रिल २०२७ पर्यंत लांबविली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवा आदेश काढून कमाल दर वर नेले, आणि तुरुंगाच्या खर्चापोटी मिनिटाला २ सेंट वेगळे लावण्याची मुभा दिली. त्याआधी आर्कान्सा राज्यातील एका काउंटीच्या शेरीफने, या दरात परवडत नाही म्हणून, कैद्यांचे फोनच बंद केले होते. दर वाढविणाऱ्यांनी हे उदाहरण पुढे केले. दरबंदीचा हा धोका खराच आहे. दर फार खाली नेला आणि सेवा देण्याचे बंधन घातले नाही, तर विकणारा दुकानच लावत नाही.

काही ठिकाणी मात्र दराचा वादच मिटविला. न्यूयॉर्क शहराने २०१९ पासून आपल्या जेलमधील फोन मोफत केले. कनेटिकट हे तसा कायदा करणारे पहिले राज्य, २०२१ मध्ये. कॅलिफोर्नियात राज्य तुरुंगांतील फोन १ जानेवारी २०२३ पासून मोफत आहेत. मिनेसोटा, कोलोरॅडो आणि मॅसॅच्युसेट्स यांनी २०२३ मध्ये तोच मार्ग धरला. मोफत म्हणजे कंपनीला पैसे मिळत नाहीत असे नव्हे. ते सरकार देते. फरक इतकाच की ठेका देणारा आणि पैसे भरणारा आता एकच झाला, आणि बिल स्वतःच्या टेबलावर आले की अधिकारी घासाघीस करायला शिकतो.

आपल्याकडे ‘ई-मुलाखत’ ही पडद्यावरची भेट सरकारी यंत्रणेतून चालते, आणि येरवडा कारागृहात २०२३ मध्ये स्मार्ट कार्डावर फोनची सोय सुरू झाली. अशा सोयी वाढतील आणि त्यांचे ठेके निघतील. निविदा भरणाऱ्या आमच्या बांधवांनी आणि ज्यांचा माणूस आत आहे अशा कुटुंबांनीही त्या करारात तीन ओळी शोधाव्यात : मिनिटाचा दर किती, पैसे भरण्याचे शुल्क किती, आणि ठेकेदाराकडून कारागृहाला काही रक्कम जाते काय. माहितीच्या अधिकाराखाली हे तिन्ही आकडे मागता येतात. अर्ज कारागृहाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, आणि कराराची प्रत मागावी, नुसती माहिती नव्हे.