स्मूदनिंग सोडताना

आखाजी झाली, लग्नसराई आटोपली, कॉलेजं उघडली की माझ्याकडे येणाऱ्या मुलींची एक तक्रार ठरलेली असते. भावाच्या नाहीतर स्वतःच्या लग्नासाठी पार्लरमध्ये स्मूदनिंग करून घेतलेलं असतं. काही महिने केस छान गुळगुळीत राहतात. मग मुळाशी स्वतःचे कुरळे केस डोकावू लागतात, खाली सरळ शेपट्या लोंबत राहतात आणि मधोमध केस तुटून हातात येतात. काहीजणी विचारतात, "डॉक्टर, परत करून घेऊ का?" काहीजणी म्हणतात, "मला माझे पहिले केस पाहिजेत. काही गोळी द्या ना." आजचा लेख या दुसऱ्या मुलींसाठी आहे. पहिल्यांनीही वाचावा.

गोळी नाही. तेल, शांपू, सीरम, काहीच नाही. केसाचा जो भाग रसायनाने सरळ झाला तो पुन्हा कुरळा होत नाही. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण "केस पूर्ववत करणाऱ्या" बाटल्यांवर मुली हजारो रुपये घालवताना मी पाहते.

केस केराटीन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना गंधकाचे बंध एकमेकींशी बांधून ठेवतात. स्ट्रेटनिंग-स्मूदनिंगच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते हे बंध सोडवतं, मग गरम इस्त्रीने केस सरळ ताणतात आणि दुसऱ्या क्रीममधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडने बंध त्या नव्या जागी पक्के करतात. परदेशात ज्याला रिलॅक्सर म्हणतात त्यात याहून जहाल पदार्थ असतो, सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. त्याचा सामू १२ ते १४ इतका असतो. टाळूवर थोडा वेळ जास्त राहिला तर भाजतं. केराटीन, हेअर बोटॉक्स, नॅनोप्लास्टी या नावांनी चालतो तो प्रकार निराळा. त्यात फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लायॉक्सिलिक आम्ल वापरून, अतिशय तापलेल्या इस्त्रीने केसावर परिणाम घडवतात. तो काही महिन्यांनी उतरतो, पण इस्त्रीने करपलेला केस करपलेलाच राहतो.

यातलं काहीही सहसा मुळापर्यंत पोचत नाही, ही दिलाशाची बाब. टाळूच्या वर दिसणारा केस निर्जीव असतो. जिवंत असतं ते टाळूच्या आत दडलेलं मूळ. आपल्या रावेर-यावलच्या केळीबागेत खोड कापलं तरी कंद शाबूत असेल तर पील फुटतंच, तसंच हे. मूळ भाजून त्यावर वण पडला नसेल तर नवा केस तुमच्या जन्माच्या वळणाचाच येणार. प्रश्न एवढाच की तो खांद्यापर्यंत येईस्तोवर काय करायचं.

या वाटेवर आपल्या कितीतरी आधी चालल्या त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायका. त्यांचे केस घट्ट वेटोळ्यांचे. शाळेत, कचेरीत तसे केस "नीटनेटके नाहीत" म्हणून हिणवले जायचे, त्यामुळे अनेकींना लहानपणापासूनच रिलॅक्सर लावलं जाई. पुढे त्यांच्यातल्या असंख्य जणींनी ते सोडलं, आणि सोडताना केस कसे सांभाळायचे याचं ज्ञान स्वतःच्या अनुभवातून उभं केलं. मी इथे जे सांगणार आहे त्यातला बराच भाग मुळात त्यांचा आहे. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करायला कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये कायद्याने बंदी घातली, तीही त्यांच्या लढ्यामुळे. आणि असे केस फक्त सातासमुद्रापार असतात असंही नाही. मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींचा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला आजही सिद्दी कुटुंबं राहतात. खान्देशातल्या घराघरांतही लाटांसारख्या केसांपासून घट्ट कुरळ्यांपर्यंत सगळे प्रकार सापडतात. त्यांना "झिपऱ्या" म्हणून हसणं आणि स्थळ बघायला येणार म्हणून पोरीला पार्लरमध्ये बसवणं, हे मात्र आपण थांबवायला हवं. कुरळे केस हा आजार नाही. त्यावर उपचारच नको.

आता मार्ग. दोन आहेत. एक म्हणजे सरळ झालेला सगळा भाग एकदाच कापून टाकायचा. वैद्यकीयदृष्ट्या हाच सोपा, कारण दोन जातींचे केस एका डोक्यावर सांभाळावे लागत नाहीत. पण आपल्याकडे बाईने केस आखूड केले की शेजारी विचारतात, घरात सासूबाई विचारतात, काहींच्या मनात तर अशुभाची शंका येते. या दडपणाला मी हलकं समजत नाही. जिची तयारी नसेल तिने दुसरा मार्ग घ्यावा. केस वाढू द्यायचे आणि दर दीड-दोन महिन्यांनी खालून बोटभर सरळ भाग कापत जायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे वर्षाला चार-पाच इंच. खांद्यापर्यंतचे केस पूर्ण आपले व्हायला दोन ते अडीच वर्षं धरा. त्यातही कुरळा केस वाळला की आखडतो, म्हणून वाढला असूनही आखूडच दिसतो. ओला केस हळूच ओढून बघा, खरी लांबी कळेल.

या काळात सगळं लक्ष द्यायचं ते सांध्याकडे. नवा कुरळा केस आणि जुना सरळ केस जिथे भेटतात तिथे केस सगळ्यात नाजूक असतो, आणि तुटतो तो बहुतेक तिथेच. मुली घाबरून म्हणतात, केस गळतायत. गळणं वेगळं, तुटणं वेगळं. पडलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला. दोन्ही टोकं साधी आणि केस आखूड असेल तर तो तुटलेला. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे. तुटणं मात्र आपल्या हातात असतं.

कुरळा केस कोरडा विंचरू नका, असं नुसतं सांगून भागत नाही, कारण आपल्या घरांत नहाणं झाल्यावर पंचाने केस फटाफट झटकायची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे. ती सोडा. जुन्या सुती बनियनने किंवा मऊ ओढणीने केस दाबून पाणी टिपून घ्या. कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत आधी बोटं फिरवा, मग रुंद दातांचा कंगवा, टोकांपासून सुरू करून हळूहळू मुळाकडे. बारीक दातांची फणी काही महिने कपाटात ठेवा. केस सैल तीन पेडांच्या वेणीत किंवा सैल अंबाड्यात बांधले की दोन जातींमधला फरक झाकलाही जातो. घट्ट पोनी, घट्ट बुचडा, त्यात ओढून बसवलेलं गंगावन, हे नको. सततच्या ओढीने कपाळाच्या कडेचे केस विरळ होत जातात, आणि ओढ वर्षानुवर्षं चालू राहिली तर तिथले परत येत नाहीत.

कुरळ्या केसाचा स्वभाव कोरडा असतो. टाळूचं तेल वळणावळणाच्या केसावरून टोकापर्यंत उतरत नाही. त्यात आपला मे महिना, जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा पारा. शिवाय पाणी. जळगावला वाघूर धरणाचं, धुळ्याला तापीचं आणि नकाणे तलावाचं पाणी येत असलं तरी वापरायला पुष्कळ घरांत बोअरचंच असतं. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर तेच क्षार केसावरही बसतात आणि केस खरखरीत होतो. निदान शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या किंवा पावसाच्या साठवलेल्या पाण्याने घ्या. आठवड्यातून एकदा-दोनदा सौम्य शांपू, प्रत्येक वेळी कंडिशनर. स्कूटीवर निघताना स्कार्फ जरूर बांधा, पण आतून मऊ कापड हवं आणि गाठ करकचून नको. उशीला सॅटिनची खोळ शिवून घ्या, घासण कमी होते.

तेलाबद्दल सगळ्या विचारतात. खोबरेल चांगलं, आणि हे फक्त आजीचं म्हणणं नाही. मुंबईतल्या रेळे आणि मोहिले या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं की धुण्याआधी खोबरेल लावलं तर केसातून प्रथिन झिजण्याचं प्रमाण कमी होतं, आणि खनिज तेलाने किंवा सूर्यफुलाच्या तेलाने तसं होत नाही. ते दोघं खोबरेल विकणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही वाचकांना माहीत असावं. तरी निष्कर्ष पटण्यासारखा आहे. नहाण्याआधी तास-दोन तास, केसाच्या लांबीला लावा. टाळूवर कोंडा असेल तर तिथे तेल थापू नका. केळं कुस्करून केसांना लावायची पद्धत आपल्या भागात फार आहे. त्याने केसाचं वळण परत येत नाही, उलट केळ्याचे कण सोडवताना सांध्यावरचे केस तुटतात. केळं खा.

मेहंदीची खबरदारी घ्या. "काळी मेहंदी" म्हणून मिळते तिच्यात पीपीडी हा रंग असतो, आणि त्याची अ‍ॅलर्जी काहींना इतकी येते की डोळे सुजून मिटतात. आणि कुणी पार्लरमध्ये सुचवलं की सरळ भाग पर्मिंगने कुरळा करून देतो, तर ठाम नाही म्हणा. एकदा बंध तुटलेल्या केसावर पुन्हा तेच रसायन म्हणजे केस कापसासारखा पिंजून तुटायची वेळ.

खाण्याचं थोडक्यात. केस प्रथिनाचा आहे, म्हणून कळण्याची भाकरी, वरण, मटकी, दूध, अंडी खात असाल तर रोज ताटात असू द्या. पाळीला रक्तस्राव जास्त होत असेल तर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासा. बायोटिनच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. आपल्याकडे त्याची कमतरता क्वचित असते, आणि त्या गोळ्यांमुळे थायरॉईडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात.

सगळ्यात अवघड काळ येतो सहा-सात महिन्यांनी. डोक्यावर दोन प्रकारचे केस, घरात एखादं लग्न, आणि पार्लरवाली ताई म्हणते, "फक्त मुळांना टचअप करून देते." इथे बहुतेक जणी परत फिरतात. फिरण्याआधी पुढचं वाचा.

फॉर्माल्डिहाइड माणसात कॅन्सर घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलं. डोळ्यांत झोंबणारा तो वास ओळखायला शिका. मग "फॉर्माल्डिहाइड नाही" असं लिहिलेली उत्पादनं आली, त्यांतल्या अनेकांत ग्लायॉक्सिलिक आम्ल असतं. इस्रायलमधल्या डॉक्टरांनी केस सरळ केल्यावर मूत्रपिंड अचानक निकामी झालेल्या २६ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. २०२४ मध्ये फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापली. तीन वर्षांत तीनदा केस सरळ केले, तिन्ही वेळा मूत्रपिंडाला इजा झाली. उंदरांवरच्या प्रयोगात त्यांना दिसलं की हे आम्ल त्वचेतून आत जातं, त्याचं ऑक्झलेट होतं आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात बसतात. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांचा अनेक वर्षं मागोवा घेतला गेला. २०२२ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षात केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कॅन्सरचा अंदाज १.६४ टक्के होता, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के. यावरून कारण सिद्ध होत नाही, आणि एकदा केलं म्हणून कुणी रात्रभर जागू नये. वारंवार करणं मात्र मी थांबवायला सांगेन. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर एकदाही नको.

पार्लर चालवणाऱ्या बहिणींची मला जास्त काळजी वाटते. गिऱ्हाईक वर्षातून एकदा तो धूर घेतं, तुम्ही लग्नसराईत रोज घेता. बंद एसी खोलीत हे काम करू नका. खिडकी उघडी, बाहेर हवा फेकणारा पंखा, हातमोजे. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत नसेल तर ती घेऊ नका. शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाची कार्यालयं जळगावात आणि धुळ्यातही आहेत.

डॉक्टरांकडे लगेच जायचं ते अशा वेळी. टाळूवर फोड, जखम, पू. एका जागी गोल टक्कल, किंवा टाळू चकचकीत दिसून तिथे केसांची छिद्रंच नाहीशी होणं. केस सरळ केल्यापासून एक-दोन दिवसांत उलट्या, पोट-कंबर दुखणं, लघवी कमी होणं. ही शेवटची लक्षणं असतील तर त्वचेच्या डॉक्टरची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा, क्रिएटिनिन तपासायला सांगा आणि केसांना काय लावलं ते आधी सांगा, कारण कुणी ते आपणहून विचारणार नाही. डेंग्यू, टायफॉईड किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात ते वेगळं, ते बहुधा आपोआप थांबतं.

बाकी तक्रारींसाठी जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. जाताना पार्लरमध्ये वापरलेल्या बाटलीचा फोटो, केल्याची तारीख आणि जुने रक्ताचे रिपोर्ट सोबत घ्या. गळलेले केस कागदाच्या पुडीत ठेवा. डोक्याला त्या दिवशी तेल लावू नका, आणि वेणी घट्ट बांधून जाऊ नका, म्हणजे टाळू नीट तपासता येईल.