मत कोणास आणि का?
(इयत्ता ७ वी, नागरिकशास्त्र : एक कृतिपाठ)



निवडणुकीच्या दिवशी आपल्यापैकी पुष्कळांचा वर्ग हेच गावाचे मतदान केंद्र असते. ज्या खोलीत काल पाढे म्हटले गेले, त्याच खोलीत आज गावाच्या पाच वर्षांचा निर्णय होतो. दुसऱ्या दिवशी मुले परत येतात, ती कित्येकदा घरातील वैर बरोबर घेऊन. एका ग्रामपंचायत निवडणुकीनंतर मी वर्गभेटीस गेलो असता, नेहमी एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी वेगळ्या बसलेल्या दिसल्या. कारण विचारता एक म्हणाली, “ती पलीकडच्या गटाची आहे.” पलीकडच्या गटाचे म्हणणे काय होते, हे तिला सांगता येईना, आपल्या गटाचे काय होते, हेही सांगता येईना. प्रस्तुत पाठ त्या उत्तरातून सुचला.

उद्देश : ‘आपला पक्ष’ किंवा ‘आपला गट’ एवढेच मत देण्यास पुरेसे कारण नव्हे, हे विद्यार्थ्यांच्या अनुभवास आणून देणे.

पूर्वतयारी : चिठ्ठ्या टाकून वर्गाचे ‘मोर’ व ‘कासव’ असे दोन संघ करावेत. वस्ती व भावकी यांची सरमिसळ होईल, हे पाहावे. आठवडाभर खो-खो व पाढ्यांच्या स्पर्धा याच नावांनी घ्याव्यात. आठ दिवसांत मुले आपल्या संघासाठी भांडू लागतात; तेवढेच आपणांस हवे आहे.

पहिले मतदान : शाळेच्या पाणीव्यवस्थेचा प्रमुख निवडावयाचा आहे, असे सांगून फळ्यावर ‘मोर संघाचा उमेदवार’ आणि ‘कासव संघाचा उमेदवार’ एवढेच लिहावे. उमेदवार काल्पनिक असावेत. गुप्त मतदान घेऊन आकडे फळ्याच्या एका बाजूस लिहून ठेवावेत.

दुसरे मतदान : आता संघाचे नाव न सांगता दोन कागद वाचावेत. ‘अ’ उत्तम बोलतो; शाळेत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आणीन म्हणतो, पैसे कोठून येतील ते सांगत नाही; मागील सत्रात बागेच्या पाळीस तो तीनदा गैरहजर होता. ‘ब’ थोडके बोलतो. टाकी दर शनिवारी धुण्यासाठी चौघांची पाळी लावीन म्हणतो. मागील सत्रात त्याने एकही पाळी चुकविली नाही. पुन्हा मतदान घ्यावे, मग कोण कोणत्या संघाचा हे उघड करावे.

चर्चा : आकडे बदलले तर का बदलले, न बदलले तर का, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. ‘अ’ला मत देणाऱ्यास चुकीचा ठरवू नये, त्याचे कारण मात्र अवश्य विचारावे. त्यानंतर पुढील माहिती द्यावी.

१. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटविलेले असे. असंख्य मतदारांस अक्षरओळख नव्हती, म्हणून ही योजना. चिन्ह हे ओळखण्याचे साधन होय. ते विचाराची जागा घेऊ शकत नाही.

२. पक्ष निरर्थक नव्हे. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. विधानसभेत वा लोकसभेत पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे पद जाऊ शकते. म्हणून तेथे उमेदवाराबरोबर पक्षाचे धोरणही तपासले पाहिजे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक मात्र पक्षचिन्हावर होत नाही. तेथे पक्षाची जागा गट व भावकी घेतात, आणि प्रश्न तोच राहतो.

३. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांनंतर विधानसभा व लोकसभेच्या उमेदवारास फौजदारी प्रकरणे, मालमत्ता, कर्ज व शिक्षण यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणासही वाचता येते. गावच्या कारभाऱ्याची परीक्षा ग्रामसभेत होते : जमाखर्च कोणी मांडला, प्रश्नास उत्तर कोणी दिले, कोण आलेच नाही.

४. मत गुप्त असते. कोणास मत दिले हे सांगण्याची सक्ती कायद्याने कोणावरही करता येत नाही. ज्याच्या शेतावर मजुरी करावयाची त्याच्या गटापुढे मान तुकविणाऱ्या मजुरासही त्या आडोशामागे स्वतःचा विचार वापरता येतो. मुलांनी हे घरी जाऊन सांगितले, तर पाठ सफल झाला.

शिक्षकाची मर्यादा : या पाठात कोणत्याही विद्यमान पक्षाचे, नेत्याचे वा गावातील गटाचे नाव उच्चारू नये. आपली वर्तणूक १९६७ च्या जिल्हा परिषद सेवा नियमांनी बांधलेली आहे. शिवाय शिक्षकाने आपले मत सांगितले की मुलांचा विचार तेथेच थांबतो. एक गट सुटतो आणि दुसरा चिकटतो.

मतदानाचे वय १९८९ पासून २१ ऐवजी १८ वर्षे झाले आहे. आज सातवीत असलेली मुले पाच-सहा वर्षांत याच खोलीत मतदार म्हणून येतील. तोवर ‘का?’ हा प्रश्न त्यांच्या अंगवळणी पडावयास हवा.

शेवटी एक विनंती. पाठ घेण्यापूर्वी आपण स्वतः मागील खेपेस दिलेल्या मताचे कारण एका वाक्यात लिहून पाहावे आणि कागद फाडून टाकावा. वाक्य सहज सुचले नाही, तर हा पाठ वर्गाबरोबर आपणही शिकावा. आलेले अनुभव केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अवश्य मांडावेत.