बिनतारी प्रिंटर सापडत नाही तेव्हा

उरण तालुक्यात सातबाऱ्याच्या उताऱ्याला विशेष महत्त्व आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर नव्या मुंबईसाठी आणि पुढे १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या न्हावा-शेवा बंदरासाठी येथील जमिनी संपादित झाल्या. मोबदला असो वा वारसनोंद, उतारा लागतोच. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा आता संगणकावर मिळतो. त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची आवश्यकता राहिलेली नाही. तथापि उतारा पडद्यावर दिसत असूनही ‘प्रिंटर सापडत नाही’ असा संदेश आला, तर करंज्याहून वा चिरनेरहून आलेल्या खातेदाराचा दिवस वाया जातो. हा दोष बहुधा यंत्राचा नसून संपर्काचा असतो आणि क्रमाने शोधल्यास तो दूर करता येतो.

बिनतारी जोडणीत लॅपटॉप व प्रिंटर यांमधील दुवा म्हणजे राउटर. तो प्रत्येक यंत्रास एक अंकी पत्ता देतो. लॅपटॉप हाक देतो आणि प्रिंटर तिला ओ देतो. ही हाक वाटेत अडली की प्रिंटर जागेवर असूनही दिसत नाही.

प्रथम दोन्ही यंत्रे एकाच वाय-फायवर आहेत काय, हे पाहावे. इंटरनेट बंद पडल्यावर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडला जातो आणि तसाच राहतो. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या वाय-फायवरील यंत्रांनाही राउटर सहसा इतरांपासून वेगळे ठेवतो. अनेक प्रिंटर केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ लहरींवर चालतात. ५ गिगाहर्ट्‌झचे वाय-फाय त्यांना दिसतच नाही.

त्यानंतर प्रिंटरच्या सूचीतून जोडणीची माहिती छापून घ्यावी. पत्त्याचा आरंभ १६९.२५४ या अंकांनी होत असल्यास राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. अशा वेळी आधी राउटर, मग प्रिंटर आणि शेवटी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करावा.

पत्ता योग्य असल्यास तो लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये लिहून पाहावा. प्रिंटरचे पान उघडले, तर वाट मोकळी आहे. पुष्कळदा प्रिंटरचा पत्ता बदललेला असतो आणि लॅपटॉप जुन्याच दारावर थाप मारीत राहतो. नव्या पत्त्याने प्रिंटर पुन्हा जोडावा व अडकलेली जुनी कामे रद्द करावीत. विंडोजमध्ये कार्यालयाचे वाय-फाय ‘सार्वजनिक’ म्हणून नोंदलेले असल्यास ते ‘खाजगी’ करावे. मात्र स्थानकावर वा उपाहारगृहात तसे कदापि करू नये. व्हीपीएन सुरू असल्यास तेही तात्पुरते बंद करावे.

दोष दूर झाल्यावर राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायम राखून ठेवावा, म्हणजे तीच अडचण पुनःपुन्हा उद्भवणार नाही. यूएसबीची एक तारही केंद्रात हाताशी असावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे. पन्नास पावलांवरचा प्रिंटर सापडला नाही म्हणून खातेदारास रिकाम्या हाती परतावे लागू नये.