चारधामची बसयात्रा : आपल्याला झेपेल का?

अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री आणि गंगोत्रीची कवाडे उघडतात. पण आपल्याकडे यात्रेची हालचाल त्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू होते. यात्रा कंपन्यांच्या जाहिराती येतात, गल्लीतल्या चार घरांचे मिळून ठरते, आगाऊ रक्कम भरली जाते. मग दवाखान्यात ठरावीक वाक्य ऐकू येते, "डॉक्टर, पैसे भरून झालेत. आता तेवढे फिटनेसचे सर्टिफिकेट द्या."

खरे म्हणजे हा क्रम उलटा हवा. आधी तपासणी, मग निर्णय आणि शेवटी पैसे. पैसे भरल्यावर "जाऊ नका" हे ऐकण्याची कोणाचीच तयारी नसते. म्हणून यात्रेला निघण्याचा विचार असेल तर निदान दोन महिने आधी आपण काय तपासून पाहावे, ते आज पाहू.

बस हेच घर

या यात्रेत दोन वेगवेगळे ताण असतात. पहिला बसचा. आचारी, शिधा आणि अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊन निघालेली बस हेच बारा-पंधरा दिवस आपले घर असते. हरिद्वारहून निघून चारही धाम करून परत येईपर्यंत हजार किलोमीटरहून अधिक घाटरस्ता होतो. एकेका दिवशी आठ-दहा तास बसून राहावे लागते.

सलग चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. मुळात हा धोका थोडा असतो. पण वय जास्त, वजन जास्त, शिरा फुगलेल्या किंवा नुकतेच ऑपरेशन झालेले असेल तर तो वाढतो. त्यासाठी दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर तेल लावून चोळत बसू नये, डॉक्टरला दाखवावे.

दुसरी अडचण बोलायला लाज वाटते अशी आहे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने अनेक महिला सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, ताप, बद्धकोष्ठता, डोकेदुखी हे सगळे मागे लागते आणि रक्त घट्ट होते ते वेगळेच. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असलेले लोक प्रवासाच्या दिवशी ती आपल्या मनाने बंद करतात, तेही चुकीचे. गोळीची वेळ बदलता येते. ती डॉक्टरला विचारून ठरवावी.

घाटात बस लागत असेल तर पुढच्या बाजूला बसावे, समोर दूरवर पाहावे, पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब नसावे. उलटीची गोळी घाट सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी लागते. उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. मात्र प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये. अशा काही गोळ्यांनी लघवी अडकते.

उंचीचा हिशेब

दुसरा ताण उंचीचा. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर. गंगोत्री आणि बद्रीनाथ तीन हजार मीटरच्या वर आहेत, यमुनोत्री सुमारे ३,३०० मीटरवर आणि केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक.

इतक्या उंचीवर हवा विरळ असते. केदारनाथला प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो. शरीर हळूहळू जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. आणि बसयात्रेत नेमके तेच नसतात. गौरीकुंड दोन हजार मीटरच्या आसपास आहे. २०१३ च्या जलप्रलयानंतर पायवाट बदलली आणि लांबली. आता तेथून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर आहे. यात्रेकरू एका दिवसात दीड हजार मीटरहून अधिक चढतो आणि रात्री तिथेच झोपतो.

साधारण २,५०० मीटरच्या वर काही जणांना डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे असा त्रास होतो. तो कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. रोज व्यायाम करणाऱ्या तरुणालाही होतो. असा त्रास झाला तर आणखी वर जाऊ नये. थांबावे, विश्रांती घ्यावी. दारू आणि झोपेची गोळी दोन्ही टाळावे.

पण पुढील लक्षणे दिसली तर थांबणेही पुरेसे नाही. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, ओठ निळसर होणे, चालताना झोक जाणे, असंबद्ध बोलणे. यांपैकी काहीही दिसले की त्या माणसाला ताबडतोब, रात्र असली तरी, खाली उतरवायचे. प्राणवायू लावून सकाळची वाट पाहत बसू नये.

"मग आम्ही हेलिकॉप्टरने जातो," असे काही जण म्हणतात. त्याने गुडघे वाचतात, फुप्फुसे नाही. काही मिनिटांत माणूस साडेतीन हजार मीटरवर पोहोचतो. शरीराला जुळवून घ्यायला मिळणारा थोडाफार वेळही मिळत नाही.

कोणी जाऊ नये?

पुढील व्यक्तींनी या वर्षी बेत रद्द करावा, हे स्पष्टच सांगतो :

१) गेल्या सहा महिन्यांत हृदयविकाराचा झटका, बायपास, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेले.
२) थोडे चालल्यावर छातीत दुखणारे, हृदय कमजोर असलेले.
३) औषधे घेऊनही रक्तदाब १६०/१०० च्या वर राहणारे.
४) जुन्या दम्याने किंवा बिडी-सिगारेटमुळे फुप्फुसे खराब झालेले, घरी प्राणवायू लागणारे.
५) डायलिसिसवर असलेले, रक्त फार कमी असलेले, फिट्स आटोक्यात नसलेले.
६) गर्भवती.

मधुमेह, आटोक्यातला रक्तदाब, सौम्य दमा, गुडघेदुखी असलेले लोक तयारी करून जाऊ शकतात. इथे वयाचा आकडा फारसा उपयोगी नाही. रोज पहाटे तासभर फिरणारे, औषधे वेळेवर घेणारे सत्तरीचे निवृत्त शिक्षक मला अधिक खात्रीचे वाटतात. पन्नाशीचा दुकानदार दिवसभर गादीवर बसतो आणि दोन वर्षांत त्याने साखर तपासलेली नसते, त्याची काळजी जास्त.

घरच्या घरी परीक्षा

निघण्याआधी महिनाभर रोज चालावे. महिनाअखेरीस एका तासात चार किलोमीटर, न थांबता आणि बोलत-बोलत चालता आले पाहिजे. दोन मजल्यांचे जिने एका दमात चढून पाहावेत. छातीत दुखले, चक्कर आली किंवा पाच मिनिटांनंतरही धाप शमली नाही तर आधी तपासणी. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी तर सर्वांनीच करावे. गरज वाटल्यास तुमचे डॉक्टर आणखी तपासण्या सांगतील.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. पाच-सहा तासांचा एसटीचा प्रवास करून त्याच दिवशी परत या. पाय किती सुजले, कंबर काय म्हणते, लघवीची किती अडचण झाली, हे एका दिवसात कळते. एका दिवसाने ही अवस्था होत असेल तर बारा दिवसांचा विचार पुन्हा करावा. मात्र या परीक्षांत पास झालेल्यालाही उंचीचा त्रास होऊ शकतो, हे विसरू नये.

आयोजकाला काय विचारावे?

रोज किती तास प्रवास? केदारनाथच्या आदल्या रात्री मुक्काम कुठे? मधे विश्रांतीचा दिवस आहे का? बसमध्ये प्राणवायूचे सिलिंडर आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे : एखादा आजारी पडून मागे राहिला तर त्याच्याबरोबर कोण थांबणार?

हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. बस चाळीस जणांची असते. "आपल्यामुळे सगळ्यांचे दर्शन चुकायला नको," म्हणून माणूस छातीतले दुखणे अंगावर काढतो. आजार आयोजकापासूनही लपवलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वीच घरातल्या एकाने ठरवून घ्यावे की मागे राहण्याची वेळ आली तर मी राहीन. असा माणूस बरोबर नसेल तर आजारी व्यक्तीने जाऊ नये.

पिशवीत काय असावे?

नेहमीची औषधे लागतात त्याच्या दुप्पट घ्यावीत आणि दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. एक पिशवी टपावरच्या सामानात गेली तरी दुसरी हाताशी राहते. औषधांची चिठ्ठी आणि ईसीजीची प्रत सोबत असावी. इन्शुलिन गोठले तर निकामी होते, म्हणून थंडीत ते अंगालगतच्या खिशात ठेवावे. जुलाबासाठी ओआरएसची पाकिटे घ्यावीत. पाकीट मोठे असेल तर ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचे, अर्धे-अर्धे करायचे नाही. उंचीच्या त्रासासाठी अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी असते. ती सर्वांना चालत नाही. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास तसे सांगून, डॉक्टरच्या चिठ्ठीनेच घ्यावी. उत्तराखंडातही रुग्णवाहिकेसाठी १०८ हाच क्रमांक आहे.

मधला मार्ग

"जावे की न जावे" एवढेच दोन पर्याय नाहीत. गंगोत्री आणि बद्रीनाथला गाडी देवळाच्या जवळपर्यंत जाते. ज्यांना चढ झेपणार नाही पण उंची चालेल असे डॉक्टर म्हणतात, त्यांनी हे दोनच धाम करावेत, वाटेत उत्तरकाशी, जोशीमठ असे मुक्काम वाढवावेत. ज्यांना उंचीच चालणार नाही, त्यांनी हरिद्वार-ऋषिकेशला आठ दिवस राहावे. गंगा तीच आहे. मंडळी वर जाऊन येईपर्यंत तिथे शांतपणे राहता येते. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात, म्हणून तो काळ टाळावा. गर्दी नको असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर बरा.

मुलांना एक विनंती. आई-वडिलांना यात्रा घडवणे हे पुण्याचेच काम आहे, पण तिकीट काढण्याआधी त्यांना एकदा दवाखान्यात घेऊन या. आणि वडीलधाऱ्यांनो, डॉक्टर "या वर्षी नको" म्हणाले तर मन खट्टू करू नका. कवाडे पुढच्या वर्षीही उघडणार आहेत. तोवर रोजचे चार किलोमीटर चालणे सुरू ठेवा.